मान घासण्याआधी

"मानेवरचा मळ कितीही घासला तरी निघत नाही हो डॉक्टर." जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर, कुठल्याही गावी लहान मुलांच्या दवाखान्यात थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर येतंच. आई आलेली असते मुलाच्या खोकल्यासाठी. उठता उठता ती त्याची कॉलर मागे ओढते आणि मान दाखवते. मागच्या बाजूला आडवा काळपट पट्टा, हाताला जाडसर लागणारा. काखेतही तसंच. साबण झाला, हळद-बेसन झालं, लिंबाची फोड झाली, काही घरांत तर पाय घासायची वजरीसुद्धा लावून झालेली असते. पोराची कातडी लाल होते, पट्टा तसाच राहतो. शाळेत मुलं हसतात आणि घरी "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून बोलणी बसतात.

ताई, तो मळ नाही. त्या मुलाच्या रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरत असतं आणि ते कातडीच्या पेशींना उगाच वाढायला लावतं. मानेला, काखेला घड्या पडतात तिथे ही जाड झालेली, काळवंडलेली कातडी आधी दिसते. आतल्या गोष्टीची ही बाहेरची खूण आहे, आणि ती फुकटात मिळालेली आहे. तिला घासू नका. एकदा रक्त तपासून घ्या.

मला आज तुमच्याशी जे बोलायचं आहे ते याच धर्तीचं आहे. लेकरांना आपण हावरं म्हणतो, आळशी म्हणतो, घाणेरडं म्हणतो, "खाल्लेलं अंगी लागत नाही" म्हणतो, मोठं झाल्यावरही अंथरूण ओलं केलं तर लाजवतो. यातल्या कितीतरी गोष्टी त्या मुलाच्या स्वभावातून येतच नाहीत. साखर कुठे जावी, चरबी कुठे साठावी, भूक कधी लागावी, हे ठरवणारे संप्रेरक म्हणजे हार्मोन्स आत काम करत असतात. त्यांचं काम एकदा नीट कळलं की रागवायची वेळ आणि डॉक्टरकडे जायची वेळ वेगळी ओळखता येते.

पांझरेवरची फड पद्धत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पण कोणत्या फडाला ते कधी आणि किती वेळ द्यायचं हे पाटकरी बघतो. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेच्या बाबतीत ते काम स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन करतं. त्याने सांगितल्याशिवाय स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी साखर फारशी आत घेत नाहीत. यकृताला ते सांगतं की साखर साठव, नवी बनवू नकोस. चरबीच्या पेशीला सांगतं की आहे ती चरबी धरून ठेव, आणखी आली तर तीही ठेव. जेवण होऊन बराच वेळ गेला की इन्सुलिन उतरतं आणि ग्लुकागॉन, अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल, वाढीचं हार्मोन पुढे येतात. मग यकृतातला साठा सुटतो, चरबी विरघळून रक्तात येते आणि यकृत तिच्यापासून कीटोन नावाचं इंधन करतं. मेंदूचा फड मात्र वेगळा आहे. साखर घ्यायला त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही.

हा मेंदू लहान मुलात किती साखर खातो याची आपल्याला कल्पना नसते. पाचेक वर्षांच्या मुलाचं शरीर स्वस्थ पडून असताना जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग एकटा मेंदू घेतो. आणि यकृत तर एवढंसं. त्यातला साठा मोठ्या माणसाइतका पुरत नाही. म्हणून लग्नाच्या धामधुमीत न जेवता झोपलेलं, किंवा आईबाप कापूस वेचून उशिरा आले म्हणून उपाशीच डोळा लागलेलं तीन-चार वर्षांचं पोर सकाळी मलूल उठतं, कधी ओकतं, कधी हाक मारली तरी डोळे उघडत नाही. साखर खाली गेलेली असते, कीटोन वाढलेले असतात. अंगावर मांस नसलेल्या मुलांना हा धोका जास्त, कारण उपाशीपोटी साखर करायला यकृताला जो कच्चा माल लागतो तो स्नायूंमधून येतो. झोपेतून उठवावं लागलं तरी चालेल, पण लहान मुलाला रात्री दूध-भाकरीचे चार घास खाल्ल्याशिवाय झोपू देऊ नका. आणि हाक मारूनही जागं होत नसेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

आता चरबीबद्दल. आपल्याकडे मूल गुबगुबीत दिसलं की घरभर आनंद, बारीक दिसलं की आईवर सगळ्यांचं बोट. पण वजनकाटा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तोच फरक महत्त्वाचा आहे. हे जगाला दाखवून देणारं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गर्भवती बायांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान भरली, पण त्वचेखालच्या चरबीत फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही जास्त सापडलं. म्हणजे अंगाने किडकिडीत, पण आतून चरबीदार असं आपलं बाळ जन्माला येतं.

याच डॉक्टरांचं एक उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. ते स्वतः आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

हे सगळं सांगतोय कारण "आमचा तर बारीक आहे, त्याला कसली शुगर?" हा प्रश्न मला फार काळजीत टाकतो. देशभरात २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी दहातल्या साधारण एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली होती. ती सगळी काही लठ्ठ नव्हती. साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे स्नायू, आणि तेच कमी असतील तर तेवढीच साखर आत ढकलायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. जास्त इन्सुलिन म्हणजे चरबी धरून ठेवण्याचा हुकूमही जास्त. कातडीखाली जागा पुरेनाशी झाली की ती चरबी पोटात आणि यकृतात शिरते, आणि चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. मानेवरचा पट्टा इथे उमटतो.

घरी एक माप घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्या, बरोबर मध्ये दुमडा आणि त्या अर्ध्या दोऱ्याने कमरेला वेढा घाला. दोन्ही टोकं सहज भेटली पाहिजेत. भेटत नसतील तर पोटात चरबी जास्त आहे, मग हातपाय काड्या का असेनात. साधारण सहा वर्षांनंतरच्या मुलांना हे माप चालतं.

आणि खेळ. मी औषधाइतक्याच गंभीरपणे सांगतो: स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतो. इन्सुलिन ऐकू येईनासं झालेल्या मुलातही ही वाट उघडी असते. म्हणून संध्याकाळी घाम येईपर्यंत कबड्डी खेळणाऱ्या, मेहरुण तलावाकाठी सायकल दामटणाऱ्या पोराला क्लासची वेळ झाली म्हणून ओढून आणताना दोनदा विचार करा. चरबीच्या पेशींची संख्या बालपणात आणि कुमारवयात वाढत जाऊन ठरते, मोठेपणी ती जवळपास तेवढीच राहते. पुढे वजन कमी केलं तरी पेशी लहान होतात, नाहीशा होत नाहीत. ही वर्षं म्हणूनच महत्त्वाची.

खाण्याबद्दल लांबलचक यादी देणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात चांगलं पुष्कळ आहे. ज्वारी आणि सालासकट उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी साखर हळू सोडते आणि स्नायूंना लागणारी प्रथिनंही देते. वरण-बट्टी लग्नात पोटभर खाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या पाकिटांनी आणि बाटल्यांनी. बाटलीबंद गोड पेयातली साखर पोटात थांबत नाही, आणि तिच्यातला फ्रुक्टोजचा भाग थेट यकृतात जाऊन चरबी होऊ शकतो. केळीबद्दल मात्र आपल्या भागात सगळेच विचारतात. रावेर-यावलच्या पोराने केळं खायचं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. भुकेला एक केळं जरूर द्या. केळीचे वेफर्स ही वेगळी वस्तू आहे, ती केळं समजून देऊ नका.

दहा-बारा वर्षांपुढे एक गोष्ट सगळ्याच मुलांत घडते. वयात येताना वाढीचं हार्मोन जोरात सुटतं, ते इन्सुलिनच्या उलट दिशेने ओढतं आणि इन्सुलिनची परिणामकारकता साधारण तीस टक्क्यांनी घटते. निरोगी मुलांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे भरून काढतं आणि वाढ पूर्ण झाली की सगळं जागेवर येतं. ज्या मुलाच्या घरात मधुमेह आहे, पोटात चरबी आहे, झोप अपुरी आहे, त्याचं स्वादुपिंड नेमकं या वयात दमतं. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत लाटांसारखं येतं. रात्री एकपर्यंत मोबाईल म्हणजे ती झोपच मोडणं, आणि अपुऱ्या झोपेनंतर इन्सुलिन आणखी कमी चालतं.

मुलींच्या आयांना वेगळं सांगायचं आहे. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयालाही ढोसतं आणि तिथे पुरुषी हार्मोन जास्त बनू लागतं. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमं जात नाहीत. आपल्याकडे लगेच "हिचं लग्न कसं होणार" सुरू होतं, मुलगी आरशासमोर रडते आणि घरातले तिच्या जेवणाच्या ताटावर नजर ठेवतात. तिला उपाशी ठेवू नका आणि टोमणे तर मुळीच मारू नका. साखर, थायरॉइड तपासून घ्या, तिला घरकामाऐवजी मैदानावर पाठवा. हिच्या पोटी उद्या जे बाळ येईल त्याची सुरुवातही इथेच आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाला स्वतःचं इन्सुलिन जास्त करावं लागतं आणि ते चरबी साठवत जन्माला येतं. गरोदरपणी साखरेची तपासणी चुकवू नका असं म्हणतो ते यासाठी.

वजन वाढलेल्या प्रत्येक मुलाचं कारण खाणंच असतं असंही नाही. उंचीकडे बघा. जास्त खाऊन जाड झालेलं मूल सहसा आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंच असतं. वजन वाढतंय पण उंची थांबलीय, वर्गातल्या रांगेत मूल पुढे पुढे सरकतंय, पँट दोन वर्षं आखूड झाली नाही, असं असेल तर थायरॉइड किंवा कॉर्टिसॉलचा विचार करावाच लागतो. इथे एक कळकळीची विनंती. सांधे, खाज, दमा यांवर नाव नसलेल्या पुड्या काही ठिकाणी मिळतात. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊ. मुलाला आठवड्यात बरं वाटतं, भूक वाढते, तोंड गोल होतं, आजी म्हणते "तब्येत सुधारली". आत साखर चढत असते, स्नायू झिजत असतात, उंची थांबते. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम बंदही करू नका, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे या. दम्याचा तोंडाने ओढायचा पंप मात्र या पुड्यांच्या पंक्तीत बसवू नका, तो चालू ठेवा.

आणि भूक. १९९७ साली इंग्लंडमधल्या दोन चुलत भावंडांची हकिगत प्रसिद्ध झाली. मूळचं पाकिस्तानी कुटुंब. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. सतत भूक, जेवण नाकारलं की आकांत. तपासल्यावर कळलं की चरबीच्या पेशी मेंदूला "पुरे" सांगण्यासाठी जे लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, तेच त्यांच्यात नव्हतं. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि तिची भूक माणसात आली, वजन उतरू लागलं. असा दोष अतिशय दुर्मीळ आहे. पण ही हकिगत वाचल्यापासून कुठल्याही पोराला मी हावरट म्हणू शकलेलो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे लिहायला बसलो, ती. आपल्या खान्देशात एप्रिल-मे म्हणजे ४५ अंश. सगळेच घटाघटा पाणी पितात. अशा दिवसांत एखादं पोर जास्त पाणी प्यायलं तर कोणाला काय वाटणार? थकलंय, सुकलंय, ऊन लागलं असेल. मग ग्लुकोज पावडरचं पाणी, उसाचा रस, थंड पेय. आणि त्या मुलाला टाइप वन मधुमेह सुरू झालेला असतो. शरीराच्या संरक्षण यंत्रणेनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. गोड खाल्ल्याने हे होत नाही, आईच्या दुधाने होत नाही, नजर लागून होत नाही. घरात कोणाला नसतानाही होतं.

फरक कसा ओळखायचा? लघवीवरून. उन्हाने सुकलेलं मूल लघवी कमी करतं आणि ती पिवळी, गडद असते. मधुमेहाचं मूल तोंड कोरडं पडलेलं असतानाही भरपूर आणि पाण्यासारखी लघवी करतं, रात्री तीनदा उठतं, कित्येक वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, मोरीत मुंग्या जमतात. जेवण चालू असून काही आठवड्यांत वजन उतरतं. साखर रक्तात तुडुंब, पण इन्सुलिनशिवाय ती पेशींत जात नाही, आणि चरबीला धरून ठेवणाराही कोणी उरत नाही. चरबी अनावर वितळते, यकृत कीटोनचा डोंगर करतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. मग उलट्या, पोटदुखी, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळाचा वास. याला न्यूमोनिया समजतात, जंत समजतात, उष्माघात समजतात आणि साखरेचं सलाईन लावून बसतात. म्हणून पाठ करून ठेवा: सलाईन लावण्याआधी म्हणा, "साहेब, बोटातून एक थेंब रक्त घेऊन शुगर बघा." मिनिटभराची तपासणी आहे. लक्षणं आहेत आणि आकडा दोनशेच्या वर आहे, तर उद्यावर टाकायचं नाही. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी.

१९२२ पर्यंत या मुलांना वाचवणारं औषध नव्हतं. त्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, २९ किलो वजनाच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिली मात्रा अशुद्ध होती. बारा दिवसांनी शुद्ध केलेली दिली आणि त्याची साखर उतरली, कीटोन जवळपास गेले. तो पुढे तेरा वर्षं जगला. आजची मुलं शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात, त्यांना मुलंबाळं होतात. इन्सुलिन मात्र रोज, जन्मभर. "आमच्या औषधाने इंजेक्शन सुटेल" म्हणणारा कोणीही भेटला, कितीही नावाजलेला असला, तरी त्याच्या दारात पाऊल टाकू नका. इन्सुलिन तोडलं तर हे मूल एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होतं.

आपल्या उन्हात इन्सुलिन जपावं लागतं. न उघडलेलं फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात छोटं भांडं बसवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, आतल्या भांड्यात इन्सुलिन कोरडं ठेवा, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वाऱ्यावर. गाडीच्या डिक्कीत किंवा एसटीच्या खिडकीपाशी दुपारभर राहिलेली बाटली वापरू नका.

शेवटी शाळा. मुलीचा मधुमेह लपवणारी घरं मला माहीत आहेत, कारणही माहीत आहे. पण वर्गशिक्षिकेला सांगाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांनाही सांगा. सीबीएसईने तर २०१७ पासून या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली आहे. इन्सुलिन जास्त झालं किंवा डबा राहिला की साखर घसरते: हात थरथरतात, घाम फुटतो, शांत पोर एकदम चिडतं, अक्षर बिघडतं. बाईंना वाटतं मस्ती चालली आहे. त्यांच्या टेबलाच्या खणात साखरेची एक पुडी देऊन ठेवा आणि कागदावर लिहून द्या: तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच, मग काहीतरी खायला, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, आणि खाली तुमचा नंबर.